गव्हाच्या दाण्याएवढा चुना

गोरेगावात बाजाराच्या दिवशी दोन ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. एक भाजीच्या ओळीत आणि दुसरं नर्मदाबाईंच्या ओसरीवर. भाजीवाल्या निदान गिऱ्हाइकाशी गोड बोलतात. नर्मदाबाईंना तेवढी उसंत नव्हती आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. सेनगावापासून औंढ्यापर्यंतची मोडकी हाडं जीपमध्ये बसून आपण होऊन त्यांच्या दारात यायची. कोणाचा खांदा निखळलेला, कोणाचं मनगट बैलानं हिसका दिल्यानं वाकडं झालेलं. बाई दुखऱ्या जागेवरून नुसती बोटं फिरवायच्या, यंदा सोयाबीन किती झालं म्हणून विचारायच्या, आणि समोरचा उत्तराला तोंड उघडतो तोच हाड जागेवर बसवून मोकळ्या व्हायच्या.

"झालं की," त्या ओरडणाऱ्याला म्हणायच्या. "आता काहून बोंबलून राहिला?"

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. लग्न होऊन गोरेगावात आल्या तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, बाईमाणसानं परक्या पुरुषांचे हातपाय धरायचे म्हणजे काय. मग एके दिवशी सासूबाईच न्हाणीत घसरल्या, त्यांचा खांदा सुनेनं बसवला, आणि घरातली कुरकुर कायमची बंद पडली. त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आपलं चुकलं असं नर्मदाबाईंनी कधी म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नाही असं त्यांचं म्हणणं, आणि गावाचंही साधारण तेच.

त्यांची पद्धत साधी होती. बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि चुना. पानाला लावतात तोच चुना, दह्यात कालवून, रोज सकाळी, एकवीस दिवस. मात्र गव्हाच्या दाण्याएवढाच. एकदा एका गड्यानं हाड लवकर जुळावं म्हणून दुप्पट खाल्ला आणि पोट धरून परत आला, तेव्हा बाईंनी भर बाजारात त्याची अशी हजेरी घेतली की पुढचे दोन बाजार तो गोरेगावाकडे फिरकला नाही. प्रमाणाच्या बाबतीत त्या कोणाचं काही ऐकून घेत नसत.

त्यांचा एकुलता एक मुलगा भागवत जीप चालवायचा. गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, आणि परत. बत्तीस वर्षांचा गडी, आईसारखाच धिप्पाड, पण स्वभावानं बापावर गेलेला, म्हणजे मऊ. मागच्या दिवाळीनंतर ब्रेक दाबताना त्याचा उजवा गुडघा दुखायला लागला. आठ दिवस त्यानं अंगावर काढलं. मग लंगडायला लागला तेव्हा वडील, ग्यानबा, बायकोला म्हणाले, "तेल लावून चोळून दे की जरा. गावाच्या तंगड्या बसवतीस, घरचं पोरगं लंगडून राहिलं."

नर्मदाबाईंनी भागवतला पुढ्यात बसवलं आणि गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडाच्या टोकावर बोटं ठेवली. तिथं एक टेंगूळ होतं. दाबून हलत नव्हतं, आणि भोवतालच्या कातडीपेक्षा गरम लागत होतं. बाईंनी हात काढून घेतला. दुसरी कोणी असती तर आपल्या नावाला जागायचं म्हणून तेल तरी चोळलं असतं.

"याला चोळायचं न्हाई, दाबायचं न्हाई, बांधायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "हे माझं काम न्हाई. उद्याच्या उद्या नागपूरला न्या."

"तू एवढी हाडाची जाणकार," ग्यानबा म्हणाले.

"जाणकार हाय म्हणूनच सांगून राहिले."

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात निघाला तो हाडाचा कॅन्सर. डॉक्टर रणजीत म्हणून तिथले शस्त्रक्रियेचे मुख्य होते. चोळलं नाहीत हे फार बरं केलंत, असं त्यांनी भागवतला सांगितलं. चोळून घेतलेल्या गाठी घेऊन लोक येतात तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ते ऐकून नर्मदाबाईंनी काही मान खाली घातली नाही. त्यात नवं ते काय, असाच त्यांचा चेहरा होता.

मग नेहमीची औषधं सुरू झाली. शिरेतून दिलेलं औषध सगळ्या अंगभर फिरलं. भागवतचे केस गेले, तोंड आलं, भाकरीचा तुकडा गिळवेना, आणि गाठ मात्र होती तिथं ठाण मांडून बसली. तीन महिन्यांनी डॉक्टर रणजीत यांनी स्पष्ट सांगितलं. आता एक तर मांडीतून पाय काढायचा, नाहीतर एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे तिच्यात नाव घालायचं. खात्री कोणीच देणार नाही.

ते नवं औषध समजावून सांगायला आली ती आफिफा. तिशीतली, चष्मा लावलेली, त्या औषधावरच काम करणारी. निघाली औंढ्याची.

"आमच्या अब्बाचा खांदा तुमीच बसवला व्हता, मावशी," ती म्हणाली.

"गुलाम नबीची पोरगी व्हय तू? लई ओरडला व्हता तुझा बाप."

"अजूनबी सांगतो तो." आफिफा हसली आणि भागवतच्या खाटेवर बसली. "बघा, औषध बरंचसं पहिलंच हाय. फक्त आता ते बारीक बारीक कणांत भरलंय. किती बारीक, तर एका केसाच्या जाडीत हजार कण शेजारी शेजारी बसतील. अन् त्या कणांना वरून असा लेप दिलाय की ते हाडाला जाऊन चिकटतात. हाडात चुना असतो ना, त्याला. मेंढराच्या लोकरीला गोखरू चिकटतं तसं. जितं गाठ हाडाची उलथापालथ करून राहिली तितं जास्त चिकटतात, अन् तितंच फुटून औषध सोडतात. बाकी अंगाला तकलीफ कमी."

नर्मदाबाईंनी हे सगळं मन लावून ऐकलं. इतक्या वर्षांत हाडाविषयी त्यांना कोणी काही नवं सांगितलं नव्हतं, आणि ही कालची पोरगी सांगत होती, तरी त्यांना राग आला नाही. उलट आवडलं. म्हणून त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं.

ठरलं ते असं. तीन-तीन आठवड्यांनी चार डोस. प्रत्येक डोसाआधी रक्त तपासायचं. गाठ थांबली आणि तिची कड टणक झाली, तर डॉक्टर हाडाचा तेवढाच तुकडा काढतील, तिथं धातूचा सांधा बसवतील आणि पाय राहील. नाहीतर पाय जाईल. दुसरं औषध घरी काही द्यायचं नाही, गोळी नाही, काढा नाही, झाडपाला नाही, असं आफिफानं बजावलं. भागवतनं तशी सही केली. "म्या कशाला काय देऊ," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि तेव्हा त्यांच्या मनात खरंच काही नव्हतं.

पहिला डोस झाला आणि सगळे एसटीनं परत निघाले. भागवत खिडकीला डोकं टेकवून झोपला, त्याची बायको प्रतिक्षा त्याच्या मांडीवर हात ठेवून बसली, आणि नर्मदाबाईंचं डोकं चालू लागलं. औषध हाडातल्या चुन्याला चिकटतं. मग हाडात चुना जितका जास्त, तितकं औषध जास्त चिकटणार. ह्या पोरीला औषध कळतं, पण हाडाला चुना कसा खाऊ घालायचा हे तिला कोण सांगणार? ते काम तर आपलं. वाशिम येईपर्यंत त्यांचा विचार पक्का झाला. आपण दिलेल्या शब्दाला कुठं बाधा येते असंही त्यांना वाटलं नाही. चुना म्हणजे औषध थोडंच आहे? तो पानात असतो, तंबाखूत असतो, सणावाराला भिंतीवर असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागवतला दह्यातून चुना सुरू झाला. गव्हाच्या दाण्याएवढा.

तीन आठवड्यांनी फोटो काढला तेव्हा गाठ वाढायची थांबली होती. ही बातमी आफिफानंच फोनवर आनंदानं सांगितली. दुसरा डोसही नीट पार पडला. नर्मदाबाईंनी त्या यशातलं अर्धं आफिफाला दिलं आणि अर्धं मुकाट्यानं स्वतःकडे ठेवलं. एवढ्याशानं जर गाठ थांबते, तर जरा हात सैल सोडला तर काय होईल? गव्हाच्या दाण्याचा हरभरा झाला. सकाळचं एकदाचं दिवसातून तीनदा झालं. दह्याच्या जागी पेलाभर दूध आलं. दुसऱ्या कोणाच्या लेकराला असं द्यायला कोणी त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी त्याला ओसरीवरून हाकलून दिलं असतं. पण हे लेकरू त्यांचं होतं, आणि त्याचा पाय जाऊ नये एवढीच एक गोष्ट त्यांना जगात हवी होती.

भागवतला तहान फार लागायला लागली. जेवण जाईना, पोट साफ होईना, दिवसभर गुंगल्यासारखा पडून राहायचा, मधूनच उलटी व्हायची. औषधाची उष्णता, असं शेजारीपाजारी म्हणाले. नर्मदाबाईंनाही ते पटलं. उष्णतेवर दूध चांगलं म्हणून त्यांनी आणखी एक पेला वाढवला.

तिसऱ्या डोसाआधी हिंगोलीत रक्त दिलं. दोन दिवसांनी आफिफाचा फोन आला की डोस आठवडाभर लांबवला आहे, पुन्हा रक्त द्या. पुन्हा दिलं. मग फोन आला नाही. आफिफा नागपूरहून औंढ्याला घरी आली आणि बाजाराच्या दिवशी तिथून जीपनं स्वतःच गोरेगावात आली.

ओसरी भरलेली होती. किसनसिंग नावाचा एक वयस्क शेतकरी कोपर घेऊन पुढ्यात बसला होता, पाच-सहा जण भिंतीला टेकून होते, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर भागवत पडला होता. आफिफाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते.

"मावशी, आत चला. थोडं बोलायचंय," ती म्हणाली.

"हितंच बोल. माझ्या घरात लपवायसारखं काही न्हाई." नर्मदाबाईंचे दोन्ही हात किसनसिंगच्या कोपरावर होते.

आफिफानं एकदा सगळ्यांकडे पाहिलं, मग भागवतकडे. त्यानं मान हलवली.

"रक्तात चुना लई वाढलाय," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त. डॉक्टरांचं म्हणणं असं की गाठ आतून हाड खाऊन राहिली, अन् त्या हाडातला चुना रक्तात उतरून राहिला. म्हणजे औषध लागू पडत न्हाई. भागवतभाऊचं नाव ट्रायलमधून काढायचं ठरलंय. सोमवारी भरती व्हायचं. पाय काढायचा."

दारात उभी असलेली प्रतिक्षा तिथंच उंबऱ्यावर बसली. भागवतनं पांघरूण बाजूला केलं आणि आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिला.

नर्मदाबाई पट्टी गुंडाळत होत्या. एक वेढा, दुसरा वेढा. तिसऱ्या वेढ्याला त्यांना सगळं कळलं होतं. रक्तात चुना वाढलाय. तो कुठून आला हे ह्या जगात त्यांच्याइतकं नक्की कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या घाबरल्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला काही समजलं नसतं. गाठीनंच हाड खाल्लं असं सगळ्यांनी धरलं असतं, आणि ओसरी पुढच्या बाजारी पुन्हा भरली असती. आत्ता भिंतीला टेकून बसलेल्या सगळ्यांच्या घरी त्यांच्याच शब्दावर चुन्याची डबी होती. चाळीस वर्षांचं नाव त्या पट्टीच्या टोकावर होतं. त्यांनी ते टोक नीट आत खोचलं आणि किसनसिंगचा हात त्याच्या मांडीवर ठेवला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "तो चुना गाठीनं न्हाई आणला. तो म्या दिला."

आफिफाला आधी कळलंच नाही. "काय दिलं?"

नर्मदाबाई उठल्या, आतून डबी घेऊन आल्या, आणि बोटाच्या टोकावर चुना काढून सगळ्यांना दिसेल असा धरला. "एवढा. हरभऱ्याएवढा. दिवसातून तीनदा, दुधातून. दुसऱ्या डोसापासून."

"बाई," किसनसिंग हळूच म्हणाला, "आमाला तर तुमी गव्हाच्या दाण्याएवढा सांगता."

"तुमाला बराबर सांगते. माझ्या पोरापाशी चुकले."

एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. एसटीत बसून काय विचार केला, तो त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. चुन्याला औषध चिकटतं म्हणून हाडात चुना वाढवायला गेले, असं. आफिफानं चष्मा काढला. तिला हसू आलं नाही.

"मीच सांगितलं व्हतं तसं," ती म्हणाली. "तुमी हाडं बसवता हे मला म्हाईत व्हतं. तुमच्या पट्टीबरोबर चुना असतो हेबी म्हाईत व्हतं, अब्बानं खाल्लाय. अन् मी विचारलं न्हाई. मावशी, खाल्लेला चुना असा सरळ हाडात जात न्हाई. जास्त झाला की रक्तातच फिरत राहतो. मग औषधाचे कण त्यालाच चिकटतात. मेंढराजवळ पोचायच्या आधी गोखरू वाटेतल्या घोंगडीलाच लागावं तसं. वरून मूत्रपिंडालाबी तरास. ही तहान, ह्या उलट्या, सगळं त्याचंच असंल."

"म्हणजे औषध म्याच वाटेत अडवलं."

"न्हाई अडवलं अजून. दुसऱ्या डोसाच्या वेळेला तुमी कमी देत व्हत्या. तिसरा तर दिलाच न्हाई." आफिफाचा आवाज एकदम बदलला. ती भराभर बोलू लागली. "चुन्यामुळंच वाढलं असंल तर बंद केलं की उतरंल. आठ दिवसांत उतरंल. अन् गाठीमुळं असंल तर उतरणार न्हाई. तपासता येतंय हे."

खाटेवरून भागवत बोलला. "माय, सही म्या केली व्हती. काहीच घ्यायचं न्हाई म्हणून. मला समजत व्हतं."

"मग म्हणायचं व्हतं न्हाई म्हणून," नर्मदाबाई त्याच्याकडे वळल्या.

"कसं म्हणू? पेला हातात घेऊन यायचीस तेव्हा तू हसायचीस. दिवाळीपासून तू हसली नव्हतीस."

नर्मदाबाईंनी पदरानं हाताचा चुना पुसला आणि आफिफाला म्हणाल्या, "लाव फोन तुझ्या डॉक्टराला."

डॉक्टर रणजीत यांनी आफिफाचं सगळं ऐकून घेतलं आणि पटलं नाही असं सरळ सांगितलं. पाय वाचवायचा म्हटल्यावर घरचे लोक काहीही सांगतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता. उद्या गाठ फुप्फुसात गेली तर जबाबदार कोण? आफिफा उत्तर शोधत होती तोवर नर्मदाबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला.

"डॉक्टर, म्या नर्मदाबाई. भागवतची आई. म्या चाळीस वर्षं हाडं बसवून राहिले, अन् आज सहा गावच्या लोकांसमोर माझी चूक सांगितली. खोटं सांगायचं असतं तर दुसरं काहीबी सांगितलं असतं, माझं नाव बुडंल असं न्हाई सांगितलं. माझ्यावर इश्वास ठेवू नका. त्याच्या रक्तावर ठेवा. आठ दिवस द्या. न्हाई उतरलं तर तुमी म्हणाल त्या दिवशी मी सोता त्याला घेऊन येते."

मग डॉक्टर म्हणाले, "उद्याच भरती करा. आठ दिवस माझ्या वॉर्डात, सलाईनवर. घरचं अन्न-पाणी काही नाही. आणि तुम्ही स्वतः यायचं नाही, बाई. रागावू नका, पण त्या आठ दिवसांत तुमच्या हातचं काहीही त्याच्या पोटात जायला नको. रक्तातल्या चुन्याचा आकडा साडेदहाच्या खाली आला तर तिसरा डोस. नाही आला, तर पाय."

"बराबर हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुमच्या जागी म्या असते तर हेच केलं असतं."

भागवत, प्रतिक्षा आणि ग्यानबा सकाळच्या गाडीनं गेले. नर्मदाबाई गोरेगावात राहिल्या. घरात एकटं राहायची त्यांना सवय नव्हती. आपण भ्यालो आहोत हे त्यांनी कोणाला दाखवलं नाही. जो कोणी विचारी त्याला त्या एकच सांगत, "उतरंल. दिला म्या, तर उतरणारबी माझ्याच हिशोबानं." मात्र चुन्याची डबी त्यांनी अंगणात रिकामी केली आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी चुना चालू होता त्यांना निरोप धाडला, की आफिफाला विचारून सांगेपर्यंत बंद ठेवा. ओसरी ओस पडेल असं त्यांनी धरलंच होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी किसनसिंग आपल्या बहिणीला, रूपाबाईला, घेऊन हजर. तिचं बोट मोडलं होतं.

"काहून आलास?" बाईंनी विचारलं.

"चुकलं तर सांगता म्हणून," किसनसिंग म्हणाला.

प्रतिक्षा रोज दुपारी फोन करायची आणि फक्त आकडा सांगायची. पहिल्या दिवशी तेरा पूर्णांक दोन. तिसऱ्या दिवशी बारा पूर्णांक एक. भागवतची तहान आता पेलाभर पाण्यानं भागते, उलटी थांबली, असं तिनं चौथ्या दिवशी सांगितलं आणि आकडा अकरा पूर्णांक चार. नर्मदाबाई त्या दिवशी पोटभर जेवल्या. पाचव्या दिवशी पुन्हा अकरा पूर्णांक चार. सहाव्या दिवशीही तोच.

"अडकलाय, आत्याबाई," प्रतिक्षा फोनवर म्हणाली आणि रडायला लागली. "डॉक्टर म्हणून राहिले, उरलेला गाठीचा असंल."

"रडू नको. तो असंल म्हणाले, हाय म्हणाले का?" नर्मदाबाईंनी फोन ठेवला आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आपल्या लेकराचा पाय आपणच घालवला, हा विचार त्यांनी सहा दिवस दारात येऊ दिला नव्हता. आता तो सरळ आत आला. त्यांनी मनात हिशोब मांडायला सुरुवात केली. हरभऱ्याएवढा, तीनदा, म्हणजे गव्हाचे किती दाणे? आणि दूध? मग त्यांना दुधाचं आठवलं; दुधातही चुना असतोच. त्यांनी आफिफाला फोन लावला.

"पोरी, तिकडं त्याला दूध देऊन राहिले का?"

आफिफानं चौकशी केली. वॉर्डात सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना पेलाभर दूध मिळत होतं, अशक्त रुग्णांना दोन पेले. भागवत अशक्तच होता. घरचं अन्न बंद करताना रुग्णालयाच्या दुधाचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. ते त्याच संध्याकाळी बंद झालं.

सातव्या दिवशी दहा पूर्णांक नऊ. आठव्या दिवशी फोन प्रतिक्षाचा आला नाही. डॉक्टर रणजीत यांचा आला.

"दहा पूर्णांक दोन," ते म्हणाले. "उद्या तिसरा डोस देतोय. आणि बाई, दुधाचं तुम्हाला सुचलं, आम्हाला सुचलं नाही. हे मी माझ्या लोकांनाही सांगितलंय."

"सांगा, बराबर हाय," नर्मदाबाई म्हणाल्या. "आता मी येऊ का?"

"या. फक्त रिकाम्या हातानं या."

तिसरा डोस झाला, चौथा झाला. प्रत्येक वेळी नर्मदाबाई खाटेशेजारच्या स्टुलावर हात मांडीवर घेऊन बसल्या आणि नळीतून उतरणारं ते लालसर औषध बघत राहिल्या. कण काही दिसत नव्हते. पण ते जाताहेत, कुठं जाताहेत आणि कशाला चिकटताहेत, हे आता त्यांना पक्कं माहीत होतं. शेवटच्या फोटोत गाठीची कड पांढरी, टणक दिसत होती. डॉक्टर रणजीत यांनी तारीख दिली. आत गेल्यावर गाठ सुटी निघाली तर पाय ठेवू, शिरेला धरून बसलेली असली तर काढावा लागेल, हेही सांगितलं. दोन्हीची तयारी ठेवा म्हणाले. नर्मदाबाईंनी एकाचीच ठेवली.

शस्त्रक्रिया सहा तास चालली. बाहेरच्या बाकड्यावर ग्यानबा डोळे मिटून बसले होते, प्रतिक्षा उभ्यानंच फेऱ्या घालत होती, आफिफा मधूनमधून येऊन जात होती. नर्मदाबाई दरवाजाकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या. डॉक्टर रणजीत बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्यांनी सांगायला सुरुवात केली. हाडाचा किती तुकडा काढला, गाठीत जिवंत असं फार काही उरलेलं दिसत नाही, तपासणीला पाठवलं आहे, धातूचा सांधा कोणता बसवला.

"डॉक्टर," नर्मदाबाई म्हणाल्या, "पाय हाय का न्हाई, तेवढं सांगा."

"आहे."

त्यांनी बाईंना आणि ग्यानबांना आत नेलं. भागवत गुंगीत होता, गळ्यापर्यंत पांघरूण घातलेला. नर्मदाबाई खाटेच्या पायथ्याशी गेल्या आणि त्यांनी पांघरुणाचं टोक वर केलं. मांडीपासून पोटरीपर्यंत पांढरी पट्टी होती आणि तिच्याखालून पाऊल बाहेर आलेलं. त्यांनी ते हातात घेतलं. कोमट होतं. मग अंगठ्यापासून करंगळीपर्यंत त्यांनी एकेक बोट मोजलं, लेकरू जन्मल्यावर मोजतात तसं. पाच भरली. नर्मदाबाई तिथंच खाली बसल्या, पाऊल कपाळाला लावलं आणि मोठ्यानं रडल्या. नर्सनं खुणावलं, ग्यानबांनी खांद्यावर हात ठेवला, तरी त्या थांबल्या नाहीत.